‘हवा आपोआप निघून जाते’ : एका सोयीस्कर मताची झाडाझडती

मोटारीच्या इंजिनातील जुने कूलंट काढून नवे भरताना आत अडकलेली हवा बाहेर काढण्याचा निराळा खटाटोप करण्याचे काहीएक कारण नाही, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून दोन-चार वेळा रेस केले म्हणजे ती आपली आपण निघून जाते, असे एक मत आपल्याकडे गॅरेजच्या दारापासून शिकल्यासवरल्या वाहनमालकांच्या दिवाणखान्यापर्यंत इतक्या निर्धास्तपणे मांडले जाते, की त्याला हरकत घेणारा मनुष्य एक तर पुस्तकी पंडित ठरतो, नाही तर सर्व्हिस सेंटरचा छुपा वकील. पुस्तकी पंडित हा आरोप मी मुकाट्याने सोसतो. वकिली मात्र मला साफ नाकबूल आहे, आणि सर्व्हिस सेंटरच्या बिलांविषयी माझे जे काही म्हणणे आहे ते ओघात पुढे येईलच. तूर्त प्रश्न एवढाच, की हे मत खरे आहे काय. आणि खरे नसेल तर इतक्या अनुभवी माणसांना ते खरे का वाटावे.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचे म्हणणे त्याच्याच जोमाने मांडले पाहिजे. तो म्हणतो : हवा हलकी, पाणी जड, हलके ते वर चढणार आणि जड ते खाली बसणार, यासाठी कोणत्याही कंपनीचे पुस्तक उघडायला नको. रेडिएटरची कॅप काढून ठेवा, इंजिन चालू करा, बुडबुडे येतात तेवढे येऊ द्या, पातळी खाली गेली की वरून भर घाला, आणि कॅप लावून मोकळे व्हा. ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर हयातभर अशाच रीतीने हाकली, कसारा आणि खंबाटकी भर वैशाखात चढून दाखविले, त्यांना हवा काढण्याच्या स्क्रूची कधी आठवणसुद्धा झाली नाही. मग आजच ही हवा एवढी अडेलतट्टू कोठून झाली? याचे उत्तरही तोच देतो : हवा तीच आहे, बिल वाढले आहे.

या कैफियतीचा पहिला भाग पूर्णपणे बरोबर आहे, आणि तिची सगळी फसगत त्या बरोबर भागातच आहे. हवा वर चढते हे निर्विवाद. पण वर म्हणजे कोठे, हा प्रश्न प्रतिपक्ष विचारीतच नाही. वर चढणारी हवा कॅपचा शोध घेत निघत नाही. तिच्या आवाक्यातले जे सर्वांत उंच ठिकाण सापडेल तेथे ती मुक्काम ठोकते, आणि एकदा तिच्या डोक्यावर धातूचे छत व दोन्ही अंगांना खाली उतरणाऱ्या, द्रवाने भरलेल्या नळ्या आल्या, की ज्या गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर प्रतिपक्ष निश्चिंत बसला आहे तेच गुरुत्वाकर्षण तिला तेथे कोंडून ठेवते. तेव्हा सगळा मामला एका गोष्टीवर येऊन ठेपतो : द्रव ओतण्याचे तोंड हे त्या संपूर्ण रचनेतले सर्वांत उंच ठिकाण आहे की नाही. असेल, तर प्रतिपक्ष जिंकला, आणि हा लेख येथेच थांबवायला माझी तयारी आहे. नसेल, तर इंजिन दहा मिनिटे चालवा की दहा तास, कॅपपेक्षा उंचावर अडकलेली हवा निव्वळ हलकी आहे म्हणून खाली उतरून कॅपपाशी येणार नाही.

जुन्या मोटारींत ते ठिकाण खरोखरच सर्वांत उंच असे, आणि त्यालाही एक कारण होते. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत अगदी आरंभीच्या अडीच हजारांच्या आसपास गाड्या वगळल्या तर पाण्याचा पंपच नव्हता. इंजिनात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर रेडिएटरच्या माथ्यावरच्या टाकीत जाई, तेथून जाळीतून निवत खाली उतरे आणि तळाच्या नळीने पुन्हा इंजिनात शिरे. आणि हे चक्र चालण्यासाठी ती माथ्यावरची टाकी इंजिनापेक्षा उंच ठेवणे भागच होते. पुढे पंप आले, पण उंच बॉनेट, त्याखाली ताठ उभा रेडिएटर आणि त्याच्या टाळूवर पितळी कॅप, ही वहिवाट कित्येक दशके टिकली. आपली अँबॅसडर आणि फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, त्या या वहिवाटीच्याच वारसदार होत. अशा गाडीत वरून पाणी ओतले की हवा समोरून त्याच तोंडातून बाहेर पडे. त्या काळच्या मिस्त्रीने हवा काढण्याची वेगळी तजवीज केली नाही हे खरे. पण ती त्याच्या वतीने गाडीच्या बांध्यानेच करून ठेवलेली होती. त्याची रीत चुकीची नव्हती. चूक त्याच्या वारसांची आहे, की त्यांनी रीत तेवढी उचलली आणि ती ज्या बांध्यावर उभी होती तो बांधा बदलल्याची दखल घेतली नाही.

कारण मधल्या काळात वारा कमी अडावा म्हणून मोटारींची नाके खाली वाकली, रेडिएटर बुटके आणि आडवे झाले, सिलिंडर हेड त्यांच्यापेक्षा वर राहिले, आणि गाडीच्या आतल्या हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डमागे अशा उंचीवर जाऊन बसली, की पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचे तोंड तिच्या पायाशीही पोचत नाही. मारुतीची जी व्हॅन पुढे ओम्नी म्हणून गावोगाव ओळखली गेली, तिचे इंजिन पुढच्या बैठकीखाली आणि रेडिएटर नाकापाशी, आणि दोहोंमध्ये लांब नळ्यांचा प्रवास. याहून टोकाचा दाखला हवा असेल तर फोक्सवॅगनच्या व्हॅनच्या तिसऱ्या पिढीचा घ्यावा : 1980च्या दशकात तिचे हवेने थंड होणारे इंजिन जाऊन द्रवाने थंड होणारे आले, ते इंजिन राहिले मागच्या टोकाला आणि रेडिएटर बसविला पुढच्या टोकाला. त्या गाडीत कूलंट भरताना नाक वर उचलून, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या माथ्याचा स्क्रू सैल करून हवा काढावी लागते, आणि ही पायरी गाळणाऱ्याला ती गाडी फार काळ क्षमा करीत नाही. ज्या निर्मात्यांनी रेडिएटर खाली नेला, त्यांनीच थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढण्याचा स्क्रू दिला, उंचावर प्लॅस्टिकची दाबसह बाटली बसविली, आणि हेडच्या माथ्यापासून त्या बाटलीपर्यंत बोरूएवढी बारीक नळी नेली. ही सगळी मंडळी केवळ वाढीव मजुरीच्या लोभाने पितळ आणि रबर खर्च करीत होती, असे ज्याला वाटते त्याने कारखान्यातला हिशेबनीस कधी पाहिलेला नाही.

असो. आता प्रतिपक्ष थोडा मागे सरून म्हणेल, की राहिली थोडी हवा आत, तर काय आभाळ कोसळते? चार-पाच लिटरांत पाव लिटर हवा! या प्रश्नात गृहीत असे आहे, की अडकलेली हवा म्हणजे थोडेसे कमी पडलेले पाणी. वस्तुस्थिती तशी नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. आणि धातूपासून उष्णता आपल्या अंगातून पुढे नेण्याच्या कामी स्थिर पाणी स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी सरस आहे. म्हणजे प्रश्न किती जागा रिकामी राहिली हा नसून कोणती जागा कोरडी राहिली हा आहे. हवा जमते हेडच्या माथ्यावर. त्याच हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकांमधली धातूची अरुंद पट्टी असते, जिच्या एका अंगाला जळता वायू आणि दुसऱ्या अंगाला बोटभराच्या आत कूलंट अशी स्थिती असते. ते दुसरे अंग ओले राहिले तर पट्टी तगते. ते कोरडे पडले, की ती पट्टी आसपासच्या धातूपेक्षा अधिक तापते, कडेचा द्रव उकळून वाफ होतो, वाफ हवेला येऊन मिळते आणि कोरड्या जागेचे क्षेत्र वाढते. आजची हेडे बहुशः अॅल्युमिनियमची, आणि खालचे ब्लॉक कित्येकदा बिडाचे. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीच्या आसपास प्रसरण पावते. हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि मग खराद्याकडे हेडचा फेस मारायला पाठविण्याची वेळ येते. जुन्या अँबॅसडरचे हेडही बिडाचेच होते, हेसुद्धा जुन्या अनुभवाचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणि पाव लिटर हवा एका जागी निमूट बसून राहते असेही नाही. ती वॉटर बॉडीत, म्हणजे पाण्याच्या पंपात, शिरली तर निराळाच प्रकार होतो. हा पंप अपकेंद्री जातीचा. पात्यांनी द्रवाला बाहेर भिरकावून तो दाब निर्माण करतो, आणि तो दाब भिरकावलेल्या पदार्थाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्श्याइतकी जड. तेव्हा हवेत फिरणारा पंप म्हणजे रिकाम्या डेऱ्यात फिरणारी रवी. फॅन बेल्ट शाबूत, पंप गरगर फिरतो आहे, आणि अभिसरण मात्र बंद. ‘रेस करा, दाबाने हवा निघेल’ हा सल्ला नेमका या प्रसंगी दिला जातो, ज्या प्रसंगी दाब देणाऱ्या यंत्राच्या मुठीतच काही नसते.

थर्मोस्टॅटकडेही जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण या प्रकरणात सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे. इंजिन थंड असता हा व्हॉल्व्ह बंद राहून रेडिएटरकडचा रस्ता अडवितो, आणि बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या दरम्यान त्याच्या डबीतले मेण वितळून फुगते व तो उघडतो. म्हणजे भरतेवेळी तो आडवा पडलेला एक बांध असतो, आणि ज्या गाड्यांत तो इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसविलेला असतो त्यांत त्याच्या मागे हवा साठते. म्हणूनच अनेक थर्मोस्टॅटांच्या गोल चकतीत एक बारीक भोक असते आणि त्या भोकात एक सैलशी टाचणी लोंबत असते, इतकी क्षुल्लक, की हातात घेऊन हलविल्याशिवाय ती सुटी आहे हे ध्यानातही येत नाही. द्रव चढत असताना टाचणी सैल असते आणि तिच्या कडेने हवा निसटते. पंप सुरू झाला की प्रवाह तिला दाबून भोक मिटवितो. ही टाचणी वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी, यावी असा थर्मोस्टॅट बसवावयाचा असतो. तो उलटासुलटा फिरवून, टाचणी खाली येईल असा बसविला, तर भोक पाण्यात आणि हवा वर, असा सगळा खेळ उलटतो. टाचणी कोठे आली हे न पाहता चकती दाबून नट आवळणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते हात अडाणी माणसांचे नव्हते.

आता पुढचा प्रसंग पहा. व्हॉल्व्हच्या मागे हवा अडकली. मेणाच्या डबीला गरम द्रवाचा स्पर्श होण्याऐवजी हवेचा होऊ लागला. व्हॉल्व्ह उशिरा उघडला. गाडी गरम झाली. मालक तक्रार घेऊन आला. मिस्त्रीने वरचा होस दाबून पाहिला, तो थंड. निदान झाले, ‘थर्मोस्टॅट खराब’. आणि इलाज? नवा न घालता तो काढूनच टाकणे, ‘आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच काय’ हा शेरा मारून. थर्मोस्टॅट काढल्याने त्याच्यामागची हवा सुटली, गाडी तात्पुरती थंड झाली, आणि एका निरपराध पुर्ज्याला कायमची बेदखली मिळाली. इंजिन त्यापुढे उशिरा तापते, पेट्रोल जास्त पिते, आणि मिस्त्रीच्या पदरी एक पुरावा जमा होतो, की थर्मोस्टॅट हेच सगळ्या दुखण्याचे मूळ. अशा पुराव्यांच्या राशीवर हे शास्त्र उभे आहे.

तापमानाच्या काट्याची साक्ष काढणारे लोक असतात : ‘काटा मध्यावर आहे, मग तक्रार कसली?’ तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असला तर त्याची साक्ष ग्राह्य. हवेच्या पोकळीत उघडा पडलेला सेन्सर हेड तापत असतानाही मंद आणि खाली बोलू शकतो. शिवाय आजच्या पुष्कळ गाड्यांत काटा चालकाला घाबरवू नये म्हणून मुद्दामच एका विस्तृत पट्ट्यात मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, आणि कित्येक छोट्या मोटारींत काटाच नसून निळा आणि तांबडा असे दोन दिवे तेवढे असतात. तांबडा दिवा लागेपर्यंत थांबणे याला खबरदारी म्हणत नाहीत.

प्रतिपक्षाच्या पदरात एक गोष्ट मोकळेपणाने घातली पाहिजे. काही हवा खरोखर आपोआप निघते. इंजिन तापले की द्रव फुगतो, कॅपमधला दाबाचा व्हॉल्व्ह उचलून थोडा द्रव आणि त्याबरोबर जवळपासची हवा बाजूच्या बाटलीत जाते. इंजिन निवले की कॅपमधला दुसरा, लहान व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतून हवेऐवजी द्रव परत ओढला जातो. दोन-चार वेळा तापून निवले की या मार्गाने किरकोळ बुडबुडे हद्दपार होतात. नळाच्या साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे वीस मिलिलिटर हवा विरघळलेली असते आणि तापल्यावर ती सुटी होते, तिचीही विल्हेवाट बहुधा याच मार्गाने लागते. पण हा हक्क ज्या हवेला कॅपपर्यंत पोचण्याची वाट आहे तिलाच मिळतो; आणि ज्या दोन-चार खेपांत हे शुद्धीकरण व्हायचे त्याच खेपांत नेमके इंजिन कोरड्या हेडनिशी चालत असते. त्या खेपांतली एक जर नागपूरच्या मे महिन्यातली असली, किंवा एसी लावून आंबेनळी घाट चढण्याची असली, तर? त्या घाटाच्या माथ्यावरचे महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे, तेथे उघडे पाणी 95-96 अंशांवरच उकळते. दाबाच्या कॅपमुळे हा बिंदू बराच वर जातो हे खरे, साधारण एक बारच्या कॅपखाली निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण समुद्रसपाटीला 125 अंशांपलीकडेही तग धरते. पण ही हमी ओल्या धातूपुरती आहे.

आणखी एका पोटमताचा समाचार घेतला पाहिजे, कारण ते अंगाशी येणारे आहे. गाडी गरम झाल्यावर ‘हवा अडकली असेल, कॅप जरा सैल कर’ असे सांगणारा शेजारी प्रत्येक घाटात उभा असतो. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेला द्रव कॅप उघडताच क्षणात वाफ होऊन उसळतो, आणि हवा निघायची ती निघते, बरोबर चेहऱ्याची कातडीही नेते. हवा काढणे हे थंड इंजिनावर आरंभ करण्याचे काम आहे. गरम इंजिनाच्या कॅपला हात लावण्याइतके निकडीचे असे कोणतेही कारण या विषयात संभवत नाही.

मग हे काम आहे तरी केवढे? गाडीचे नाक थोडे उंच, जेणेकरून भरण्याचे तोंड शक्य तितके वर येईल. हीटरची कळ पूर्ण गरमवर, कारण हीटरला स्वतंत्र व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत तो बंद राहिला तर ती जाळी कोरडीच राहते. हवेचा स्क्रू असेल तर सैल. आणि कूलंट सावकाश, धारेने नव्हे तर संथपणे, कारण घाईने ओतलेला द्रव पुढे धावून स्वतःच्या मागे हवा कोंडतो. स्क्रूतून आधी नुसती फुसफुस येते, मग फेसाळ थुंकी, आणि शेवटी अखंड, काचेसारखी धार; ती दिसली की स्क्रू बंद, तोही बेताने, कारण आजकाल तो प्लॅस्टिकचा असतो आणि मनगटी मर्दुमकी त्याला मानवत नाही. पुढे इंजिन तापेपर्यंत, वरचा होस गरम होईपर्यंत आणि पंखा एक-दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत लक्ष. आणि पूर्ण निवल्यावर, म्हणजे खरे पाहता दुसऱ्या दिवशी सकाळी, पातळीची तपासणी. कॅप केव्हा लावायची, याबाबत गाडीगाडीचे नियम वेगळे आहेत, आणि तेथे पुस्तक उघडणे यात कमीपणा नाही. बीएमडब्ल्यूच्या 2004च्या सुमारापासूनच्या काही इंजिनांत पंप विजेवर चालतो. तेथे इंजिन बंदच ठेवून, इग्निशन चालू करून, अॅक्सिलरेटर दहा सेकंद तळाला दाबला की पंप स्वतः बारा मिनिटे फिरून हवा हुसकतो. तेथे रेस करणाऱ्या मिस्त्रीची काय पंचाईत होत असेल!

बिलाचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्यात तथ्य आहे. काही सर्व्हिस सेंटरे निर्वात पद्धतीने कूलंट भरतात : दाबाच्या हवेवर चालणाऱ्या नळीने आतली बहुतेक हवा आधीच खेचून घेतात, होस चपटे पडतात, तो शोष थोडा वेळ टिकतो का हे पाहून गळतीही तपासतात, आणि मग व्हॉल्व्ह फिरवून द्रव आत ओढू देतात. पद्धत उत्तम आहे. पण एका सर्व्हिस सेंटरने माझ्या बिलावर या पद्धतीची मजुरी लावून काम साध्या नरसाळ्याने उरकल्याचे मी काचेपलीकडून पाहिले आहे, तेव्हा प्रतिपक्षाच्या संशयाला मी निराधार म्हणणार नाही. मात्र खोट्या बिलावरून हवा खोटी ठरत नाही. बिल नाकारावे, काम नाकारू नये. निर्वात यंत्र नसले तरी तोंडावर घट्ट बसणारे उंच नरसाळे, एक उतार आणि तासाभराची सबुरी एवढ्यावर कोणत्याही गावच्या गॅरेजात हे काम होते.

राहता राहिला तो शेवटचा आणि सर्वांत दणदणीत युक्तिवाद : ‘अशाच शेकडो गाड्या भरल्या, एकही परत आली नाही.’ हा दाखला देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्याच्या वहीबद्दल. कूलंट भरल्यावर महिना-दोन महिन्यांनी एखाद्या घाटात जिचे हेड वाकले ती गाडी त्याच्या दारी येत नाही, टो होऊन जवळच्या दुसऱ्या गॅरेजात जाते. आणि तेथल्या नोंदीत ती ‘हवा अडकलेली’ म्हणून नव्हे, तर ‘गॅस्केट गेले’, ‘पंप खराब’, ‘गाडी जुनी’ अशा नावांखाली रुजू होते. पहिल्याच्या वहीत ती यशस्वी कामांत जमा, दुसऱ्याच्या वहीत नशिबाच्या खाती खर्ची. हे दोन्ही हिशेब एकत्र मिळवून पाहण्याची गरज मालकाखेरीज कोणालाच नाही, म्हणून ते मालकानेच पाहावेत : कूलंट भरून घेताना पावतीवर भरल्याची तारीख, दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पाहिलेली पातळी आणि घातलेली भर, या तीन नोंदी मागाव्यात, आणि जो ‘त्याची काही गरज नाही’ म्हणेल त्याच्याकडून तेवढेच वाक्य सहीनिशी लिहून घ्यावे.